घरावरचं सोलर आणि महावितरणचं बिल: किती किलोवॅट घ्यावं, कशावर अडून बसावं

पीएम सूर्यघर या केंद्राच्या अनुदान योजनेतलं ऑनग्रिड सोलर, म्हणजे ग्रिडला (महावितरणच्या वीजजाळ्याला) जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर घ्यावं का? महिन्याचा सरासरी वापर २०० युनिटांच्या वर असेल, छत स्वतःचं असेल आणि सकाळी नऊ ते दुपारी चार त्यावर सावली पडत नसेल, तर जरूर घ्यावं. मात्र विक्रेता जेवढं सुचवतो त्यापेक्षा बहुधा एक किलोवॅट कमी घ्यावं. वापर १०० युनिटांच्या आत असेल तर घाई करू नये. याची कारणं बिलाच्या रचनेतच आहेत, म्हणून आधी बिल बघू आणि मग पॅनेल, स्ट्रक्चर, मीटर.

महावितरणच्या घरगुती बिलात वापराचे चार टप्पे असतात: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांत वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्याला युनिटमागे ५.८८ रुपये होते, दुसऱ्याला ११.४६, तिसऱ्याला १५.७२ आणि चौथ्याला १७.८१. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. सिंगल फेजचा स्थिर आकार सव्वाशेच्या पुढे, थ्री फेजचा चारशेच्या वर. त्यानंतर वीज नियामक आयोगाचे नवे आदेश आले आणि आकडे खालीवर झाले, तेव्हा स्वतःचा हिशेब मांडताना ताज्या बिलावरचे दर घ्या. रचना मात्र तीच आहे: पहिली शंभर युनिटं स्वस्त, १०१ व्या युनिटापासून दर जवळपास दुप्पट.

नेट मीटरिंगमध्ये महिन्याला ग्रिडमधून घेतलेल्या युनिटांतून ग्रिडला दिलेली युनिटं वजा होतात आणि उरलेल्यावर हे टप्पे लागतात. म्हणजे सोलरचं पहिलं युनिट तुमचं सगळ्यात महागडं युनिट वाचवतं आणि शेवटचं युनिट सगळ्यात स्वस्त. ३५० युनिटं वापरणाऱ्या घरात पहिला किलोवॅट जेवढे पैसे वाचवतो, त्याच्या निम्मेही तिसरा वाचवत नाही. ‘बिल शून्य करून देतो’ म्हणणारा विक्रेता नेमकी तीच शेवटची, स्वस्तातली शंभर युनिटं तुम्हाला भारी किमतीत वाचवून देत असतो. शिवाय बिल शून्य होतच नाही. स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क दर महिन्याला भरावंच लागतं, थ्री फेजवाल्यांना तर पाचशेच्या आसपास.

३१ मार्चचा घोळ

शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत राहतात, हे सगळे विक्रेते सांगतात. ही जमा ३१ मार्चला शून्यावर येते, हे फार थोडे सांगतात. आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे आर्थिक वर्ष संपताना उरलेली युनिटं कंपनी विकत घेते आणि नव्या वर्षाची पाटी कोरी होते. त्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्याच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो.

आता आपल्याकडचे ऋतू आठवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र, पंखे बंद, एसी बंद. तेव्हा युनिटं साठतात. ती हवी असतात एप्रिल-मेमध्ये, एसी आणि कूलर चालू झाल्यावर. पण मधे ३१ मार्च आडवा येतो. पावसाळ्यात निर्मिती निम्म्यावर येते, तेव्हाही हिवाळ्याची जमा हाताशी नसते. आपल्या हवामानाला याहून गैरसोयीची तारीख शोधून सापडणार नाही.

पुण्यासारख्या ठिकाणचं, एक एसी असलेलं घर घेऊ. एप्रिलमध्ये वापर ४०० युनिटं, मेमध्ये ४२०, जूनमध्ये ३२०, जुलै ते ऑक्टोबर महिन्याला २३०, नोव्हेंबर ते फेब्रुवारी १५०, मार्चमध्ये २८०. वर्षाचे साधारण २,९४० युनिट. एक किलोवॅट सोलर महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास देतं. कडक उन्हाळ्यात साडेचार, पावसाळ्यात अडीच किंवा त्याहून कमी.

इथे २ किलोवॅट बसवलं तर एप्रिलमध्ये २७० युनिटं तयार होतात आणि १३० चं बिल येतं. वरच्या दरांनी ५,३०० चं बिल १,२३० वर आलं. जुलै-ऑगस्टमध्ये १५० तयार होतात, ८० चं बिल, म्हणजे २,५५० ऐवजी सातशेच्या आत. हिवाळ्यात नुसता स्थिर आकार. सगळे महिने जोडले की वर्षाला साधारण २७,००० रुपये वाचतात. इंधन समायोजन आकार यात धरलेला नाही. बाजारात २ किलोवॅटला १,३५,००० च्या आसपास पडतात, त्यातून ६०,००० अनुदान गेलं की ७५,००० राहतात. पावणेतीन वर्षांत पैसे वसूल.

आता तिसरा किलोवॅट. त्याने एप्रिल, मे, जूनमधली उरलेली युनिटं कापली जातात, पावसाळ्यातली थोडी कापली जातात. ऑक्टोबर ते मार्च त्याचं जवळजवळ प्रत्येक युनिट जमेत पडून राहतं. २ किलोवॅटवर ३१ मार्चला साडेतीनशेच्या आसपास युनिटं कमी दरात गेली असती, ३ किलोवॅटवर ती हजारावर जातात. त्या किमतीत मिळणारे चार पैसे सोडले तर तिसऱ्या किलोवॅटची वर्षाची बचत पाच हजाराच्या आतच राहते, आणि अनुदान वजा जाता त्याला ३५-४० हजार जास्त मोजावे लागतात. म्हणजे वसुलीला सात-आठ वर्षं. पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, दुसरा एसी लागणार असेल किंवा स्वयंपाक इंडक्शनवर न्यायचा असेल तर घ्या तिसरा. नाहीतर तेच पैसे चांगल्या स्ट्रक्चरला लावा.

तेव्हा गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, युनिटांची बेरीज करा, १,३८० ने (एका किलोवॅटची वर्षाची युनिटं) भागा आणि आलेला आकडा त्याच्या लगेच खालच्या अर्ध्या किंवा पूर्ण किलोवॅटवर आणा. उन्हाळा सोडून वापर सारखाच असेल तर पूर्ण आकडा घ्यायला हरकत नाही. विदर्भात, जिथे चार महिने कूलर आणि एसी अखंड चालतात, तिथे अर्धा किलोवॅट वर गेलं तरी चालतं.

अनुदान

केंद्राची ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, एक कोटी घरांचं लक्ष्य ठेवून, आणि तिची मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. जास्तीत जास्त ७८,०००. त्यापुढे ५ बसवा की १०, अनुदान एक रुपयानेही वाढत नाही. अडीच किलोवॅट घेतलं तर ६९,०००. क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) यांतली जी कमी असेल ती धरतात. तेव्हा ३.२४ किलोवॅटची पॅनेल आणि ३ चा इन्व्हर्टर ही जोडी ठीक, पण ३ ची पॅनेल आणि अडीचचा इन्व्हर्टर लावून ७८,००० ची आशा दाखवली जात असेल तर थांबा.

ही रक्कम थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, प्रकल्प सुरू झाल्याची नोंद पोर्टलवर झाल्यावर. ‘अनुदान आम्हीच वळतं करून घेतो, तुम्ही फक्त उरलेले द्या’ असं कुणी म्हटलं तर पूर्ण किंमत किती लावली आहे ते आधी लेखी घ्या. बहुतेक वेळा किंमत त्या हिशेबाने फुगवलेली सापडते.

१०० युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना २०२५ मध्ये आली. एक किलोवॅटला केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५,००० आणि सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या घराला पदरचे अडीच हजारच घालावे लागतात, तिथे विचार कशाला करायचा? पण सर्वसाधारण गटातल्या ७०-८० युनिटवाल्या घराने हे राज्याचं अनुदान मिळत नसताना स्वतःहून एक किलोवॅट घेतलं, तर महिन्याला पाचशे-साडेपाचशेच वाचतात. सहा वर्षं थांबायची तयारी हवी.

कर्ज हवं असेल तर सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत विनातारण देतात, रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराच्या अर्धा टक्का वर. ६ टक्के आणि पाच वर्षं धरली तर एक लाखाला १,९३३ रुपये हप्ता बसतो. वरच्या उदाहरणातल्या घराची महिन्याची सरासरी बचत याहून जास्त आहे, म्हणजे हप्ता बिलातूनच निघतो. विक्रेत्याच्या ओळखीच्या खासगी वित्तसंस्थेकडून १२-१४ टक्क्यांनी घेण्याचं काही कारण नाही.

कोटेशनमध्ये जीएसटीची ओळ वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पूर्ण कामाच्या करारात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, त्यामुळे एकूण कर १३.८ ऐवजी ८.९ टक्के बसतो. जुन्या दराने कोटेशन आलं असेल तर दीड-पावणेदोन लाखांवर आठ हजारांचा फरक आहे. मागून घ्या.

सामानात काय बघायचं

अनुदानासाठी पॅनेल डीसीआर असावी लागतात, म्हणजे आतल्या सेलसुद्धा भारतात बनलेल्या. बिगर डीसीआर पॅनेल वॉटमागे बरीच स्वस्त मिळतात, आणि तीच लावून कागद डीसीआरचे देण्याचे प्रकार होतात. पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा सिरीयल नंबर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर टाकला की खरंखोटं कळतं. हे पॅनेल टेम्पोतून उतरल्यावर, स्ट्रक्चरवर चढायच्या आधी करायचं. एकदा क्लॅम्प बसले की लेबल वाचायला खाली वाकून मोबाइल धरावा लागतो.

साधारण ५४० वॉटचं एक पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतं. ३ किलोवॅटला सहा पॅनेल आणि मोकळी जागा धरून ३०० चौरस फूट. मोनो पर्क आणि टॉपकॉन या सेलच्या दोन प्रकारांतलं निवडायचं असेल तर उष्ण भागात टॉपकॉन घ्या. तापमान अंशाने वाढलं की पर्कचं उत्पादन ०.३५ टक्के घटतं, टॉपकॉनचं ०.३० च्या आसपास. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात सेलचं तापमान ७० अंशांवर जातं. तिथे २५ अंशांच्या प्रमाणित मोजणीपेक्षा पर्क पावणेसोळा टक्के खाली येतं, टॉपकॉन साडेतेरा. दोन टक्क्यांसाठी फार जास्त पैसे मोजू नका, पण भावात थोडाच फरक असेल तर हेच बरं. कंपनीच्या नावावरून होणारा वाद आम्हाला गौण वाटतो. मान्यताप्राप्त यादीतल्या कोणत्याही नावाजलेल्या भारतीय कंपनीचं पॅनेल चालतं. फसगत होते ती स्ट्रक्चर, वायर आणि अर्थिंगमध्ये, कारण तिथे कुणी बघत नाही.

स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे कापून-जोडून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेलं असावं, ८० मायक्रॉन थर, आणि बोल्ट स्टेनलेस ३०४ चे. बाजारात सर्रास लागतो तो आधीच गॅल्व्हनाइज केलेला पाइप. तो कापून, वेल्डिंग करून वर चंदेरी रंग मारतात. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून गेलेला असतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच तांबेरा धरतो. ओळखायची खूण सोपी: हॉट डिपचा पृष्ठभाग थोडा खडबडीत, राखाडी, कापलेल्या टोकांवर आणि भोकांच्या आतही जस्त चढलेलं. रंग मारलेला पाइप गुळगुळीत आणि चकचकीत, पण भोकाच्या आत डोकावलं की उघडं लोखंड दिसतं.

किनाऱ्यावर तर यात तडजोड नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं तेव्हा छपरांचे पत्रे कसे उडाले ते कोकणाने पाहिलंय. पॅनेल म्हणजे वाऱ्याला आडवं धरलेलं शीड. कोकणात उंच मांडव न करता पॅनेल छताजवळ, कमी उतारावर ठेवावीत आणि ताशी १५० किलोमीटर वाऱ्याचं डिझाइन लेखी मागावं. इतर ठिकाणी पुढे ६ आणि मागे ८ फूट असा उंच मांडव केला तर खालची गच्ची वापरता येते, पण त्याला लोखंड जास्त लागतं आणि काही हजार वाढतात.

पाय रोवण्याचे दोन प्रकार. स्लॅबला भोक पाडून अँकर, किंवा वर काँक्रीटचे ठोकळे. गच्चीवर वॉटरप्रूफिंग किंवा चायना चिप्स असतील तर भोकं पाडू देऊ नका. गळती लगेच दिसत नाही, दोन पावसाळ्यांनी खालच्या खोलीत ओल येते, आणि तोवर विक्रेता हात वर करतो. अँकरशिवाय गत्यंतर नसेल तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून बसवलेला बोल्ट) आणि वरून ग्राउट, म्हणजे सिमेंटचं भरण.

डीसी वायर ४ चौरस मिलिमीटरची, कथील चढवलेल्या तांब्याची, उन्हात टिकणारी. पॅनेलला कारखान्यातून आलेला एमसी-४ कनेक्टर एका कंपनीचा आणि जोडवायरचा दुसऱ्याच कंपनीचा असेल तर वरून दोन्ही घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण आतली धातूची पकड जुळत नाही. तिथे उष्णता होते, प्लास्टिक वितळतं, आणि छतावर आग लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. दोन्हीकडे एकाच कंपनीचे कनेक्टर, आणि ते पक्कडीने चेपलेले नकोत, क्रिम्पिंग टूलनेच बसवलेले हवेत. सगळ्या वायरी पाइपातून न्यायच्या. उंदीर आणि खारी उघडी वायर सोडत नाहीत.

अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे लागतात: वीजरोधकाचा (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा), स्ट्रक्चर आणि डीसी बाजूचा, इन्व्हर्टर आणि एसी बाजूचा. एकाच खड्ड्यात तिन्ही पट्ट्या उतरवून काम उरकणं हा सर्वांत जास्त दिसणारा दोष. आकाशातली वीज पडली की तीच लाट इन्व्हर्टरमध्ये शिरते. काम संपल्यावर अर्थ टेस्टर लावून रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत आहे ना, ते समोर मोजायला लावा.

इन्व्हर्टर गच्चीवर उन्हात टांगू नका. बाहेरच्या बाजूला चालेल असं कंपनी लिहिते, ते पावसापुरतं खरं. ४५ अंशांच्या आसपास तो स्वतःला वाचवायला उत्पादन कमी करतो. जिन्याच्या टोकाची, वारा खेळता असलेली सावलीतली भिंत उत्तम. तिथे घरातलं वायफाय पोचतं का तेही आधी बघा, नाहीतर मोबाइल अॅप चार दिवसांत मुकं होतं आणि बिघाड कळतो तो बिल आल्यावर.

सावलीबद्दल विक्रेते फार सैल बोलतात. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो. पॅनेलच्या पातळीच्या चार फूट वर आलेल्या पाण्याच्या टाकीची सावली तेव्हा साडेतीन फूट पडते, पण सकाळी नऊला नऊ-दहा फूट. सगळी पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावरची सावली त्या एकापुरती राहत नाही. टाकी हलवता येत असेल तर पॅनेलच्या उत्तरेला न्या. जागेची पाहणी करायला आलेला माणूस फक्त टेपने गच्ची मोजून गेला आणि शेजारच्या इमारतीकडे, नारळाकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही, तर दुसरा विक्रेता शोधा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार १५ ते १८ अंश.

लाइट गेल्यावर

ऑनग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर तुमच्या छतावरची वीज जाऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. रोज चार-चार तास भारनियमन असलेल्या गावात निर्मितीही तेवढी बुडते, हे हिशेबात धरा. बॅटरीसह हायब्रिड घेतलं तर खर्च लाखाच्या घरात वाढतो आणि वसुली लांबते. नुसते दिवे-पंखे चालवायचे असतील तर घरातला जुना इन्व्हर्टर आणि १५० एएच बॅटरी पुरेशी आहे. फक्त सोलरची जोडणी त्या इन्व्हर्टरच्या आधी, मीटरच्या बाजूला व्हायला हवी. त्याच्या आउटपुटच्या बाजूला जोडली तर सोलर त्यालाच ग्रिड समजून उलटी वीज ढकलतं आणि तो जळतो.

उलट तक्रारही येते: लाइट असूनही दुपारी सोलर बंद पडतं. याचं कारण व्होल्टेज. एकाच ट्रान्सफॉर्मरवर पाच-दहा घरांचं सोलर आणि दुपारी वापर कमी, तेव्हा व्होल्टेज २५० च्या वर चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. आधी इन्व्हर्टर ते मीटर ही वायर जाड करून घ्या. लांब आणि बारीक वायरवर व्होल्टेज आणखी वाढतं. तरी सुटलं नाही तर अॅपमधली व्होल्टेजची नोंद जोडून महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज द्या आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलून मागा. विक्रेत्याने परस्पर इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून देणं हा उपाय नाही, त्यात घरातली उपकरणं जातात.

कागद, मीटर आणि पैसे कधी द्यायचे

वीजबिल ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाने. आधार आणि बँक खातंही त्याच नावाचं. बिल आजोबांच्या नावावर आणि आजोबा हयात नाहीत, ही घरोघरची अडचण. नाव बदलून घेतल्याशिवाय सोलरचा अर्ज भरू नका, नाहीतर अनुदान अडकतं. राष्ट्रीय पोर्टलवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी होते, मग नोंदणीकृत विक्रेता निवडायचा. १० किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी मंजुरी लागत नाही आणि गरजेप्रमाणे मंजूर भारही वाढवून मिळतो, तेव्हा ‘भार वाढवायचे’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा.

उभारणी झाल्यावर जागेच्या नोंदीसह फोटो पोर्टलवर जातात, महावितरणचे लोक तपासणीला येतात, नेट मीटर बसतो. या मधल्या काळात इन्व्हर्टर चालू करू नका. ‘चालू करून तर बघू’ म्हणून विक्रेत्याचा मुलगा स्विच वर करतो आणि तसाच ठेवून जातो. बरेचसे जुने इलेक्ट्रॉनिक मीटर उलट जाणारी वीजही वापरच समजून मोजतात, आणि त्या महिन्याचं बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढून येतं.

पैशांचे टप्पे असे ठरवा: करार करताना १० ते २० टक्के, माल गच्चीवर आल्यावर आणि सिरीयल नंबर तपासल्यावर मोठा हिस्सा, आणि किमान १० टक्के नेट मीटर लागून पहिलं बिल बरोबर येईपर्यंत हातात. पूर्ण रक्कम आधी दिलेल्यांची मीटरची कामं रखडतात, कारण उभारणीनंतरच्या कागदांसाठी खेटे घालायला विक्रेत्याला मग काही ओढ राहत नाही. योजनेप्रमाणे पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या माथी आहे. वर्षातून किती भेटी, ते करारात आकड्याने लिहून घ्या.

पहिल्या बिलात आयात, निर्यात आणि जमा युनिटं वेगवेगळी दाखवलेली असतात. ती मीटरच्या पडद्याशी ताडून बघा. मीटर बदलल्याच्या महिन्यात जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग चुकीचं चढण्याची शक्यता असते, म्हणून मीटर बदलताना दोन्हींचे फोटो काढून ठेवावेत.

मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे आहेत, तिथे वरचे रुपये जसेच्या तसे लावू नका. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्राहून बरीच स्वस्त असल्यामुळे वसुली खूप लांबते. फ्लॅटवाल्यांची गच्ची सामाईक, म्हणून तिथे खरा उपयोग सोसायटीच्या लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी होतो. सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग होणार असेल तर ते आधी उरकून घ्यावं.

बसवल्यानंतर

पंधरा दिवसांनी एकदा साध्या पाण्याने आणि मऊ मॉपने धुणं एवढीच घरच्यांची जबाबदारी. ती सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नये. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे क्षार बसतात आणि ते घासून निघत नाहीत, म्हणून टाकीचं नळाचं पाणी वापरा. पक्ष्यांची विष्ठा तेवढी लगेच काढा. एका ठिकाणी चिकटून राहिली तर खालची सेल तापून डाग पडतो.

अॅपवर आठवड्यातून एकदा नजर टाका. ३ किलोवॅटने मार्चच्या निरभ्र दिवशी १३ ते १५ युनिटं द्यायला हवीत, ढगाळ जुलैत ५ ते ८. निरभ्र दिवशी १० च्या खाली आलं तर आधी धूळ, मग सावली, मग कनेक्टर या क्रमाने शोधा. पॅनेलची हमी २५ वर्षांची असली तरी इन्व्हर्टरची बहुधा ५ ते १० वर्षांचीच असते. त्यामुळे हिशेब मांडताना दहाव्या वर्षाच्या आसपास नव्या इन्व्हर्टरचा खर्च धरून ठेवा, आणि घेतानाच १० वर्षांची हमी देणारा निवडता आला तर त्यासाठी दोन-चार हजार जास्त गेले तरी द्या.